कोंबाची खूण

दक्षिणेतल्या मेलक्काडू गावच्या सुडलै पेंटरनं जन्मभर पाट्या रंगवल्या, पण 'नाही' हा शब्द त्याच्या कुंचल्यातून कधी उतरला नाही. दुकानदार सांगायचा, 'बंद' असं लिहून दे. सुडलै लिहून द्यायचा, 'उद्या सकाळी भेटू.' खाणावळवाला म्हणायचा, 'जेवण संपले' अशी एक पाटी हवी. त्याला मिळायची 'चूल पुन्हा पेटते आहे.' टॉकीजवाल्याची 'हाउसफुल'ची पाटी मात्र त्यानं आनंदानं रंगवली, कारण भरल्या गोष्टीला त्याची हरकत नव्हती. पाटी बारा महिने डोळ्यांसमोर असते, तिच्यावर नकार लिहिला की तो घरात मुक्कामाला येतो, असं त्याचं म्हणणं. आणि ते एकट्या त्याचंच नव्हे. त्या मुलखात संध्याकाळी मीठ मागायला गेलात तर मीठ नसलेला वाणीसुद्धा 'येतंय' म्हणतो, आणि मागणारा मुकाट्यानं पुढच्या दुकानाकडे वळतो. पोराटोरांनासुद्धा ते कळतं.

एकदा गावातल्या डॉक्टरानं 'डॉक्टर नाहीत' अशी पाटी सांगितली. सुडलैनं झकास निळ्या इनॅमलमध्ये लिहिलं, 'डॉक्टर येत आहेत.' डॉक्टर ती टांगून मेव्हणीच्या लग्नाला मदुरैला गेले. इकडे ओटा पेशंटांनी भरला. कुणी भाताचा डबा आणला, कुणी चटई आणली. आठवड्यानं डॉक्टर उतरले तेव्हा निम्म्या लोकांचा ताप आपोआप उतरला होता आणि ते पाटीवाल्याचे आभार मानून घरी गेले होते.

इसक्कीमुत्तू या सुडलैचा मुलगा. शाळा आठवीपर्यंत. पण हात बापाच्या वरताण! खडूची दोरी ताणून भिंतीवर एक फटका मारला की रेष अशी सरळ उमटायची की गवंडी बघायला यायचे. बायको पेच्ची त्याला रंग कालवून द्यायची. दोघं सायकलवरून गावोगाव जायची, तो भिंतीवर आणि ती शिडीच्या पायाशी. चांगले दिवस होते ते. मग फ्लेक्स आला. छापखान्यातून तासाभरात हत्तीएवढा फलक बाहेर पडायला लागला आणि इसक्कीमुत्तूचे कुंचले रॉकेलच्या डब्यात वाळून काडी झाले.

त्याच सुमाराला कुट्रालिंगम परदेशातून गावी परतला. बंद पडलेली भाताची गिरण त्यानं विकत घेतली, चुना लावला, गारवा करणारी यंत्रं बसवली आणि आत सॉफ्टवेअरची कंपनी काढली. नाव 'वैगरै', म्हणजे पहाट. शहरातल्या पोरांना इथं आणण्यापेक्षा इथल्याच पोरांना शिकवीन, असं तो म्हणे, आणि खरंच शिकवलं त्यानं. गावानं त्याला मुदलाळी म्हणायला सुरुवात केली. तिकडे मालकाला तसंच म्हणतात, मग तो किराणावाला असो की कॉम्प्युटरवाला.

कंपनीची पाटी रंगवायला इसक्कीमुत्तूला बोलावलं. तो शिडीवर होता, मुदलाळी खाली उभा होता. 'वैगरै'मधलं एक वळण त्यानं असं काढलं की मुदलाळीच्या हातातली कॉफी निवून गेली.

"अण्णाची," मुदलाळी म्हणाला. थोरल्या माणसाला तिकडे सगळे अण्णाचीच म्हणतात. "हे कॉम्प्युटरवर काढाल का?"

"भिंत कुठली असेल तिथं काढतो की, मुदलाळी."

असा तो आत गेला. कंत्राटावर.

आता कंपनीचं काम काय, तर कामांच्या याद्या ठेवायचं सॉफ्टवेअर. तिरुप्पूरचे कापड गिरणीवाले, मदुरैचे दवाखाने, शाळा, सगळे ते घ्यायचे. कुणी कुणाला काय काम सांगितलं, ते कुठपर्यंत आलं, हे पडद्यावर एका फळ्यावर दिसायचं. प्रत्येक कामाच्या पुढे एक चौकोन. चौकोन रिकामा म्हणजे काम पडून आहे. अर्धा पिवळा म्हणजे हातात घेतलंय. हिरवी टिक म्हणजे झालं. हे तिन्ही इसक्कीमुत्तूनं काढले. आणि ती टिक! सुरुवातीला ठसठशीत, मग वळून वर जाताना निमुळती, कुंचला उचलताना जशी रंगाची शेपटी राहते तशी. गिराईक म्हणायचे, तुमच्या टिकेसाठी काम संपवावंसं वाटतं.

राहिली चौथी खूण, नाकारलेल्या कामाची. मुदलाळीनं सांगितलं, "लाल फुली काढा."

दोन दिवस इसक्कीमुत्तू पडद्यासमोर नुसता बसून राहिला.

"काय झालं, अण्णाची? दोन रेघा तर आहेत."

"हात चालत नाही, मुदलाळी. माणूस काहीतरी मागतो, आणि आपण त्याच्या तोंडावर फुली मारायची? रोज उघडून तो तीच बघणार."

"मग काय काढता?"

इसक्कीमुत्तूनं एक कोंब काढला. चौकोनाच्या तळाशी मातीची बारीक रेघ, तिच्यातून डोकं काढणारा एक पोपटी कोंब, अजून पान न फुटलेला. "आज नाही, पण बी पेरलंय," तो म्हणाला. "वाट बघा, एवढंच सांगायचं."

मुदलाळीनं मांडीवर थाप मारली. त्या आठवड्यात सगळ्या गिराइकांच्या फळ्यांवर कोंब उगवला आणि वाऱ्यासारखा पसरला. साहेब लोकांना तर देव भेटल्यासारखं झालं. पगारवाढ मागितली? कोंब. बदली मागितली? कोंब. नवा पंखा, नवी खुर्ची, बाळंतपणाची जादा रजा? कोंब, कोंब, कोंब. एका गिरणीच्या फळ्यावर म्हणे सगळा पडदा भाताच्या वाफ्यासारखा पोपटी झाला होता. मागणाऱ्यांनाही पहिल्या महिन्यातच उमगलं. वाण्याचं 'येतंय' जसं कळतं, तसंच. कुणी भांडलं नाही, कुणी पुन्हा विचारलं नाही. मुकाट्यानं पुढच्या दुकानाकडे.

एका माणसाला तेवढं उमगलं नाही, तो म्हणजे कोंब काढणारा.

उलगम्मै नावाची मुलगी त्याच्याच गल्लीतली. कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर होती, त्याला मामा म्हणायची. बहिणीच्या लग्नासाठी तिनं रजा मागितली आणि तिच्या कामापुढे कोंब आला.

"गेली रजा," ती म्हणाली.

"गेली कशी? कोंब आलाय ना?"

"मामा, कोंब आला म्हणजेच गेली."

"अगं, मी काढलाय तो! कोंब म्हणजे येणार. तुम्हा पोरांना दम म्हणून नाही." आणि तो हसत हसत जेवणाचा डबा उघडायला गेला. उलगम्मै त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिला सांगायचं होतं. पण थोरल्या माणसाला 'तुमचं चुकलं' असं म्हणायला तिचीही जीभ वळेना. बहिणीच्या लग्नाला ती संध्याकाळच्या जेवणापुरती गेली.

इसक्कीमुत्तूच्या जिवाला एकच गोष्ट लागून राहिली होती: कायम होणं. शिपाई कायम होता, वॉचमन कायम होता. ज्याची खूण हजारो लोक रोज बोटानं दाबत होते तो दर वर्षी कंत्राटाच्या कागदावर सही करत होता. पेच्ची म्हणायची, "भिंती होत्या तेव्हा आपण आपले मालक होतो. आता ना मालक, ना नोकर." शेवटी तिच्याच आग्रहानं त्यानं कंपनीच्या फळ्यावर स्वतःच काम टाकलं: 'इसक्कीमुत्तू यांना कायम करणे.' वैगरैचा रिवाज असा की फळा सगळ्यांना उघडा. कुणाचं काय अडलंय ते साऱ्या गिरणीला दिसायचं.

चौकोन पुष्कळ दिवस रिकामा राहिला. मग अर्धा पिवळा झाला. पिवळा झाला त्या दिवशी पेच्चीनं नारळाच्या दुधाची सोदी आणि भात केला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी करतात तसा. आणि पोंगल झाल्यावर एका सकाळी तिथं कोंब उगवला.

इसक्कीमुत्तू सायकल काढून बाजारात गेला आणि हलवा घेऊन आला. चांगला तुपाळ, केळीच्या पानावर बोटं ठेवली तर निसटणारा. टेबला-टेबलाशी जाऊन त्यानं वाटला.

"घ्या, घ्या. आपलं काम होतंय."

सगळ्यांनी घेतला. कुणी म्हणालं, "वा, अण्णाची!" कुणी म्हणालं, "छान झालं हो." शिपायानं दोनदा घेतला. त्या मुलखात एखाद्याला फसवलं तर 'हलवा दिला' असं म्हणतात. इथं फसलेला माणूसच हलवा वाटत फिरत होता, आणि साठ माणसांच्या गिरणीत एकाच्याही तोंडून निघालं नाही की बाबा, तुला नाही म्हटलंय. उलगम्मैनं न खाता पानाची घडी करून ती पिशवीत टाकली.

"काय गं, गोड नाही?"

"खूप गोड आहे, मामा," ती म्हणाली.

याच उन्हाळ्यात ज्ञानदुरै अय्या त्याच्या घरी आले. शेजारच्या गावच्या मिशन शाळेचा सगळा कारभार त्यांच्या हातात. जुन्या स्कूटरवरून, टोपी सांभाळत आले. इसक्कीमुत्तूनं त्या शाळेच्या भिंतींवर एकेकाळी प्राणी-पक्षी रंगवले होते. पोरं अजून त्यातल्या मोराला हात लावून परीक्षेला जायची.

पेच्चीनं ताडगुळाची कॉफी दिली. अय्यांनी फुंकर घातली आणि म्हणाले, "आमचे चित्रकलेचे मास्तर निवृत्त होताहेत. आमच्या संस्थेला हाताची कला चालते, आठवी असलात तरी हरकत नाही. पण वयाची अट आहे. यंदा बसताय तुम्ही त्यात, पुढच्या वर्षी नाही. या आमच्याकडे."

आतून पेच्चीचा भांड्यांचा आवाज थांबला.

इसक्कीमुत्तूच्या मनात काय काय आलं! शाळा म्हणजे कायमची नोकरी, फळा, रंगीत खडू, मोर. पण तिकडे कोंब आला होता. इतकी वर्षं ज्या मुदलाळीचं खाल्लं, त्यानं 'कायम करतो' म्हटल्यावर त्याला सोडून जायचं? आणि दारात आलेल्या अय्यांना नको तरी कसं म्हणायचं? त्याला वाटलं, चार दिवस जाऊ द्यावेत, मुदलाळीला विचारावं, मग सांगावं.

"पाहू, अय्या," तो म्हणाला. "होईल."

ज्ञानदुरै अय्यांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. कॉफी संपवली, पेला पालथा ठेवला.

"बरं तर. कॉफी फार सुरेख होती, ताई. येतो मी."

स्कूटर कोपऱ्यावरून वळायच्या आत पेच्ची बाहेर आली. "सरळ हो म्हणायला काय तोंडाला फोड आली होती?"

"अगं, म्हणालो की, होईल म्हणून."

"मी काय परगावची आहे? तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं."

"तिकडे कोंब आलाय, पेच्ची."

"कोंब!" ती म्हणाली. "शिजवून खा तो."

मुदलाळीला विचारायचं म्हणून तो तीनचारदा खोलीपर्यंत गेला. पण दारावर टकटक करायची म्हणजे त्याच्या शब्दावर शंका घेतल्यासारखं. फळ्यावर स्वच्छ दिसतंय, मग पुन्हा काय विचारायचं? तो परत येऊन बसायचा. पावसाळा आला, गावाजवळच्या धबधब्याला पाणी आलं, शाळा सुरू झाल्या. तो वाट बघत राहिला.

दसऱ्याच्या आयुधपूजेच्या आधी कोइंबतूरहून एक मोठं गिराईक आलं. त्यांचे पाच-सहा दवाखाने होते. मालकीणबाई स्वतः आल्या होत्या, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, बोलणं मोजकं. मुदलाळीनं त्यांना मोठ्या पडद्यासमोर बसवलं आणि इसक्कीमुत्तूलाही बोलावून घेतलं. "हेच आमचे कलाकार," म्हणाला. इसक्कीमुत्तू हात जोडून भिंतीशी उभा राहिला. धुतलेला शर्ट होता, कपाळावर विभूती होती.

मुदलाळीनं रिकामा चौकोन दाखवला, पिवळा दाखवला, टिक दाखवली. बाई मान हलवत होत्या.

"आणि ही आमची खासियत," मुदलाळी म्हणाला. "कोंब. नाही म्हणायचंय, पण म्हणायचं नाही, तेव्हा हा लावायचा. समोरचा दुखावत नाही, भांडत नाही, संपावर जात नाही. थोड्या दिवसांनी आपोआप विसरून जातो."

बाई पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे नकारच."

"नकारच. पण हिरवा."

भिंतीशी काहीतरी हललं. इसक्कीमुत्तू दोन पावलं पुढे आला होता.

"मुदलाळी, माझ्या कामावर कोंब आहे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मुदलाळीच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, मग हसू आलं, कसनुसं.

"अण्णाची, काय हे. तुम्हीच काढलाय ना तो?"

"मी काढला तेव्हा म्हणालो होतो, बी पेरलंय."

"हो, म्हणाला होतात." मुदलाळीचा आवाज खाली आला. "भागीदार म्हणतात, कायम करायचं तर पदवी पाहिजे. मी पुष्कळ सांगून पाहिलं. तुमचं मन मोडायला नको, म्हणून..."

"हलवा वाटला मी."

"मी पण खाल्ला," मुदलाळी म्हणाला, आणि पडद्याकडे वळला.

त्या दुपारी इसक्कीमुत्तू सायकलवरून मिशन शाळेत गेला. ऊन तापलं होतं. व्हरांड्यात ज्ञानदुरै अय्या मुलांच्या वह्यांवर सह्या करत बसले होते. आतल्या वर्गात एक तरुण मास्तर फळ्यावर नारळाचं झाड काढत होता आणि पोरं खिदळत होती.

"अय्या, मी आलो."

"या, अण्णाची. पाणी घ्या. काय काम काढलंत?"

"ते मास्तरकीचं..."

अय्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही नको म्हणालात म्हणून मी पाळैयंकोट्टैहून माणूस आणला."

"मी नको कधी म्हणालो, अय्या? मी म्हणालो, पाहू, होईल."

"तेच की!" अय्या चकित होऊन म्हणाले. "अण्णाची, माझे केस पिकले या गावात. पाहू आणि होईल, दोन्ही एकदम म्हणालात तुम्ही. याहून स्वच्छ नकार माणूस काय देणार? मी तर पेच्चीताईंची कॉफी पूर्ण प्यायलो, की तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये."

इसक्कीमुत्तूला पटलं, अय्यांचं बरोबर होतं. अय्यांच्या जागी तो असता तर त्यानंही तेच ऐकलं असतं. सगळ्या आयुष्यात त्यानं 'होईल'चा अर्थ कधी चुकीचा लावला नव्हता, ना वाण्याकडे, ना तालुक्याच्या कचेरीत, ना सासऱ्याकडे. स्वतःच्या हातानं काढलेला कोंब तेवढा त्याला कळला नाही.

"पुढच्या वर्षी?" त्यानं विचारलं.

अय्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग ते म्हणाले, "पाहू."

घरी त्यानं पेच्चीला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "शाळेची नोकरी गेली त्याचं मला काही नाही. पण किती लोकांच्या घरी तुमच्या त्या कोंबानं असाच हलवा दिला असेल, त्याचा विचार करते." तो अंगणात जाऊन सायकल पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. न जाऊन करणार काय? फ्लेक्सच्या दुकानात कुंचला कोण विचारतं? मुदलाळी नेहमीपेक्षा गोड बोलला, स्वतःच्या हातानं कॉफी आणून दिली. आणि मग म्हणाला, "अण्णाची, कोइंबतूरच्या बाईंनी घेतलं सॉफ्टवेअर. एक मागणी आहे त्यांची. कोंब महिनोन् महिने तसाच दिसला की लोकांना शंका येते. तर दर महिन्याला एक पान फुटावं असं करता येईल? नुसतं एक पान. माणसाला वाटेल, हालचाल चालू आहे."

उलगम्मै पलीकडच्या टेबलावरून ऐकत होती. मुदलाळी गेल्यावर ती उठून आली.

"मामा, नका काढू."

"मग काय काढू?"

"फुली काढा. लाल. मी तपासून पाठवते."

"तिला कोण घेणार?" तो म्हणाला. "आणि माझा हात..."

त्यानं पान काढलं. पहिल्या महिन्याचं, चिंचेच्या पानाएवढं, एका बाजूला झुकलेलं. दुसऱ्या महिन्याचं समोरच्या बाजूला, जरा मोठं. तिसऱ्याला मधोमध शीर. तळहात पडद्यापुढे धरून धरून त्यानं झुकाव जुळवला, दोन दिवस त्या पोपटी रंगात किंचित पिवळा मिसळत राहिला. सगळ्यांना पान फार आवडलं. कोइंबतूरहून बाईंचा निरोप आला: अप्रतिम.

सॉफ्टवेअर एकच, ते सगळ्यांच्या फळ्यांवर एकदमच बदलतं. तेव्हा महिना उलटला आणि वैगरैच्या फळ्यावर 'इसक्कीमुत्तू यांना कायम करणे' याच्यापुढच्या कोंबालाही पान फुटलं. सकाळी गिरणीत आलेल्या प्रत्येकानं ते पाहिलं आणि मान खाली घालून आपापल्या कामाला लागला. उलगम्मैनं पडदा झाकायला पुढे होऊन पाहिलं, पण तेवढ्यात तो येऊन तिच्या मागे उभा राहिला होता. डोळे बारीक करून तो बराच वेळ बघत राहिला.

"देठ जरा जाड झालाय," तो म्हणाला आणि दुरुस्त करायला बसला.